मदत हवी आहे: एस्प्रेसो एकतर धो धो वाहते, नाहीतर अडून बसते

कडक_पाहिजे
नमस्कार मंडळी. घरच्या मशीनवर एस्प्रेसो काही केल्या जमत नाहीये. सातवर दळलं तर ९ सेकंदांत कप भरतो, पातळ आणि आंबटढाण. सहावर दळलं की मशीन नुसतं घरघरतं, मिनिटभरात जेमतेम दोन चमचे येतं आणि तेही जळकं कडू. मधलं काही मिळतच नाही. जोरात दाबून बघितलं, हलकं दाबून बघितलं, फरक शून्य. मशीन १५ बारचं आहे, म्हणजे दाबाचा प्रश्न नसावा. शनिवारी घरी सहाजण येणार आहेत, तोवर जमायला हवं. थेट उपाय सांगा.

तळजाई
सहा-सात म्हणजे कशाचं सहा-सात? ग्राइंडर हाताचा की विजेचा? कॉफी किती ग्रॅम घालता, कपात किती ग्रॅम उतरते, बास्केट (कॉफी भरायची भोकांची वाटी) साधी की दुहेरी तळाची, बीन्स कधी भाजलेले? यातलं काहीच लिहिलेलं नाही. 'कप भरतो' हे माप नव्हे. कप ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि पंपाचं बटण दाबल्यापासून वेळ मोजा. मिलिलिटरवर जाऊ नका, क्रेमा, म्हणजे वरचा तपकिरी फेस, फुगलेला असतो आणि आकडा फसवतो.
आणि ते १५ बार डोक्यातून काढा. पंप जास्तीत जास्त किती ढकलू शकतो त्याचा तो आकडा आहे. बास्केटमधला दाब कॉफीच्या अडथळ्यामुळे तयार होतो. ९ सेकंदांत सगळं वाहून गेलं, याचा अर्थ तिथे दाब चढलेलाच नाही.

पितळी_फिल्टर
आधी पाकीट बघा, चिकोरी आहे का? फिल्टर कॉफीची ७०:३० किंवा ८०:२० पावडर असेल तर एस्प्रेसो विसरा. चिकोरी चटकन विरघळते, भुकटी चिकट होते आणि बास्केट बुजते. शिवाय तुम्ही फिल्टर कॉफी का करत नाही? प्लँटेशन ए किंवा पीबेरी, या दर्जाची कॉफी थोडी जाडसर दळून आणा, फिल्टरमध्ये हलकी दाबून उकळतं पाणी ओता, पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन तयार. सहा माणसांना पुरतं.

कडक_पाहिजे
चिकोरी नाही, अख्खे बीन्स आहेत हो. दळण म्हटलं म्हणजे बीन्सच असणार ना. फिल्टर कॉफी नकोय.
मशीन ५१ मिमी पोर्टाफिल्टरचं (बास्केट बसवायचा दांडा), थर्मोब्लॉकवालं, म्हणजे बॉयलरऐवजी वाहतं पाणी तापवणारं. नाव लिहून उपयोग नाही, तेच यंत्र बाजारात चार नावांनी मिळतं. ग्राइंडर हाताचा, क्लिकचा; सहा-सात म्हणजे क्लिक, आकडा कमी तितकं दळण बारीक. मशीनबरोबर आलेल्या बास्केटला खाली एकच बारीक भोक होतं, ती काढून खाली उघडा असलेला पोर्टाफिल्टर आणि त्याची बास्केट घेतली आहे. १४ ग्रॅम घालतो.

मेलबर्नकर
उघडा पोर्टाफिल्टर ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती आत्ता कळतेय! आधीची बास्केट दुहेरी तळाची होती. तिच्यात ते एक भोकच दाब तयार करतं, त्यामुळे दळण कसंही असलं तरी चालून जातं. साध्या बास्केटमध्ये सगळा अडथळा कॉफीनेच करायचा असतो, म्हणून दळण बरोब्बर लागतं.
ग्राइंडरची एक पूर्ण फेरी किती क्लिकची?

कडक_पाहिजे
१२.

दळणवाला
मग उत्तर मिळालं. आटे १ मिमीचे, म्हणजे एका फेरीत पाती १ मिमी सरकतात असं धरलं तर १२ क्लिक म्हणजे एका क्लिकला पाती ८३ मायक्रॉन सरकतात. एस्प्रेसोला १०-२० मायक्रॉनचा फरकसुद्धा काही सेकंद इकडचे तिकडे करतो. तुमचं योग्य दळण सहा आणि सातच्या मध्ये आहे आणि तिथे हा ग्राइंडर थांबतच नाही. तो पोअरओव्हर आणि फ्रेंच प्रेससाठी चांगला आहे, या कामाचा नाही. किंगग्राइंडर के६ एका क्लिकला १६ मायक्रॉन सरकतो, १झेडप्रेसो जे-अल्ट्रा ८. यांपैकी एक घ्या. मशीनवर खर्च करून ग्राइंडरवर कंजूषी केली की हेच होतं. बाकीचे उपाय मलमपट्टी आहेत.

वाफाळ
ग्राइंडरच्या आधी दाब बघा. असे बरेच पंप १२-१३ बारवर चालतात आणि जादा दाबाने बारीक दळण आणखी घट्ट बसतं. झाकण उघडून ओव्हरप्रेशर व्हॉल्व्हची (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेची) स्प्रिंग सैल करा. पोर्टाफिल्टरच्या जागी लावायचा दाब मोजणारा गेज मिळतो. त्यातून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून त्यावर १० दिसले की प्रत्यक्ष वाहताना ९ च्या आसपास असतं.

तळजाई
@वाफाळ, हा सल्ला सरसकट देऊ नका. सगळ्या थर्मोब्लॉक मशीनमध्ये तो व्हॉल्व्ह फिरवता येतोच असं नाही, वॉरंटी जाते, आणि आत २३० व्होल्ट आणि पाणी शेजारी शेजारी आहेत. ज्याला प्लग काढूनही हीटर किती वेळ तापलेला राहतो हे माहीत नाही, त्याने झाकण उघडू नये. आणि व्हॉल्व्ह ९ वर आणला तरी एका क्लिकची ८३ मायक्रॉनची उडी तशीच राहणार.

वाफाळ
तशीच राहील, पण ९ बारवर सहा क्लिक कदाचित अडणार नाही, एवढंच म्हणतोय. गॅगिया क्लासिक मशीनवाले वर्षानुवर्षं स्प्रिंग बदलत आले आहेत.

तळजाई
त्या मशीनमध्ये बॉयलर आहे, ५८ मिमीची बास्केट आहे आणि दुरुस्तीची माहिती जगभर पसरली आहे. इथे चार नावांनी विकलं जाणारं यंत्र आहे. फरक समजून घ्या.

रानफूल
मशीनमध्ये क्षार साचले असतील. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून टाकीत भरा, अर्धं सोडून द्या, दहा मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग दोन टाक्या साधं पाणी. व्हिनेगर वापरू नका, वास रबरी सीलमध्ये बसतो. द्रावण रात्रभर आत ठेवू नका, थर्मोब्लॉक ॲल्युमिनियमचा असू शकतो.

दळणवाला
क्षारांमुळे सात क्लिकवर धो धो आणि सहावर बंद असं होत नाही. क्षार दोन्हीकडे असतात.

निशिगंध
शनिवारचाच प्रश्न असेल तर सहा कपांचं मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी करणारं भांडं) आणा. वाल्व्हच्या खालपर्यंत गरम पाणी, फनेल न दाबता सपाट भरायचं, मंद आच, आणि फुसफुस सुरू झाली की लगेच गॅसवरून काढून तळाला गार पाणी लावायचं. कडू होत नाही. काटा नको, सेकंद नकोत.

मेलबर्नकर
मोका चांगलाच लागतो, पण त्यात जेमतेम दीड बार दाब असतो. एस्प्रेसोचा दाटपणा आणि क्रेमा त्यातून येत नाही.

निशिगंध
क्रेमा म्हणजेच एस्प्रेसो का? १९०१ मध्ये बेझेराने मिलानमध्ये पेटंट घेतलं ते मशीन वाफेच्याच दाबावर चालायचं. आज आपण ज्याला क्रेमा म्हणतो तो गॅगियाच्या १९४८ च्या लिव्हर मशीनपासून आला. त्याआधीचे लोक काय पीत होते?

मेलबर्नकर
दुसरं पेय पीत होते, नाव तेच होतं. पण धागाकर्त्यांचं मशीन समोर आहे, त्यावर बोलू.
@कडक_पाहिजे, ग्राइंडर न बदलता करता येईल ते असं. सहा क्लिकवरच राहा आणि १४ ऐवजी १३ ग्रॅम घ्या. थर पातळ झाला की अडथळा घटतो. एरोप्रेसचा (हाताने दाबून कॉफी करायच्या नळकांड्याचा) कागदी फिल्टर ५१ मिमीच्या गोलात कापा, ओला करून बास्केटच्या तळाला चिकटवा. बारीक कण भोकांत अडकत नाहीत आणि प्रवाह मोकळा होतो. दळण्याआधी बीन्सवर पाण्याचा एखादा थेंब लावून हलवा म्हणजे भुकटी ग्राइंडरला चिकटून राहत नाही. बास्केटमध्ये घातल्यावर अक्युपंक्चरच्या ०.३-०.४ मिमीच्या सुया बुचात खोचून तळापर्यंत ढवळा, गुठळ्या फोडा. मग सपाट दाबा. जोराने काही होत नाही, भुकटी आणखी बसेनाशी झाली की पुरे. तिरकं दाबलं तर मात्र पाणी पातळ बाजूने वाट काढतं. उघड्या पोर्टाफिल्टरखाली एका बाजूला फिकट पिवळी धार किंवा बारीक फवारा दिसला की हेच झालं समजा, आणि मग एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही येतं.

तळजाई
सहमत. यात एक भर: पंप ३ सेकंद चालवा, बंद करा, ५ सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. भुकटी सगळीकडून भिजते आणि एकदम दाब बसून थर फाटत नाही.

दळणवाला
अर्धी कॉफी सहावर आणि अर्धी सातवर दळून मिसळण्याचा उपायही लोक करतात. मला पटत नाही, कणांचा आकार आणखी विषम होतो. पण प्रवाह मधोमध येतो हे खरं.

कडक_पाहिजे
करून पाहिलं. सहा क्लिक, १३ ग्रॅम, खाली कागद, सुयांनी ढवळून. ३१ सेकंदांत २६ ग्रॅम! धार मधोमध एकच, तपकिरी. जळका कडूपणा गेला. पण अजून आंबट आहे, जिभेच्या कडांना झोंबतं. आता काय?

तळजाई
भाजणी किती गडद? भाजल्याची तारीख? पाणी कुठलं? पहिल्या दिवशीच विचारलं असतं तर... असो, तारीख तर विचारलीच होती.

कडक_पाहिजे
मध्यम फिकट, चिकमगळूर अरेबिका. पाकिटावर पाच दिवसांपूर्वीची तारीख. पाणी आरओचं, टीडीएस २५. आमच्याकडे टँकर येतो, त्यामुळे आरओशिवाय पर्याय नाही.

मेलबर्नकर
तीनही गोष्टी आंबटाकडेच ओढतायत. फिकट भाजणीसाठी आठ ते चौदा दिवस थांबलेलं बरं. ताज्या बीन्समधून वायू सुटत राहतो, पाणी नीट भिडत नाही आणि क्रेमा मोठ्या बुडबुड्यांचा येतो. पाकीट हवाबंद ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. उघडं पाकीट फ्रिजमध्ये नको. मशीनमध्ये तापमानाची सोय असेल तर सर्वांत वरचं निवडा. आणि कॉफी घालण्यापूर्वी रिकाम्या बास्केटमधून दोन वेळा गरम पाणी सोडा, गार पोर्टाफिल्टर पाण्याची उष्णता खातो. मग २६ ऐवजी ३२ ग्रॅमपर्यंत उतरू द्या, म्हणजे एकास अडीच.
शनिवारसाठी मध्यम गडद मान्सून मलबार (पावसाळी दमट वाऱ्यात मुरवलेले बीन्स) आणा. त्यात आंबटपणा मुळातच कमी आणि पोत जाड. फक्त गडद बीन्स ठिसूळ असतात, त्याच क्लिकवर बारीक कण जास्त पडतात. अडलं तर १२.५ ग्रॅमवर या.

पितळी_फिल्टर
दुधाचं कोणी बोललंच नाही. सहाजणांत निम्मे कॅपुचिनो मागणार. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, फेस दाट येतो पण पटकन जड होतो. गाईचं दूध, फ्रिजमधून थेट. वाफेची नळी दुधाच्या पृष्ठभागाला टेकवून कोमट होईपर्यंतच हवा घ्या, मग नळी थोडी खाली नेऊन भोवरा करा, ६०-६५ अंशांवर थांबा. त्यापुढे गोडवा जातो.

रानफूल
आता तरी पाण्याकडे या! २५ टीडीएसच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं, म्हणून कॉफीतलं आम्ल उघडं पडतं. खायचा सोडा १ ग्रॅम घेऊन १०० मिली पाण्यात विरघळवा. त्यातलं ८ मिली एक लिटर आरओ पाण्यात घाला, म्हणजे लिटरला ८० मिलिग्रॅम सोडा. चव खारट लागत नाही आणि कॅल्शियम नसल्यामुळे क्षारही साचत नाहीत. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर उत्तम, त्याचे लिटरला १०० मिलिग्रॅम.

दळणवाला
पाणी बदललंत तर दळण, ग्रॅम, तापमान त्या दिवशी हलवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. आणि ग्राइंडरचं मी म्हटलेलं अजून कायम आहे.

कडक_पाहिजे
सोड्याचं पाणी करून ठेवलंय. मान्सून मलबार मागवलाय, शुक्रवारी येईल. तो किती दिवसांचा हवा?

मेलबर्नकर
मध्यम गडद असेल तर सहा-सात दिवस पुरे. पाकिटावर नुसती मुदत छापलेली असेल तर घेऊ नका, भाजल्याची तारीख विचारा. आणि शनिवारी ऐनवेळी काही अडलंच तर ती जुनी दुहेरी तळाची बास्केट हाताशी ठेवा, नऊ-दहा क्लिकवर दळून तिच्यात चालेल.