मदत हवी आहे: घाट चढला की इंजिनातून जळका वास

मंडळी, घरी 2006 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. शहरात काही त्रास नाही, पण खंबाटकी चढून वर थांबलं की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो. ब्लोअर चालू असेल तर आतसुद्धा.

टेम्परेचरचा काटा अर्ध्याखालीच, कूलंट कमी होत नाही, वासही कूलंटसारखा गोडसर नाही. क्लच म्हणावा तर गाडी चढाला व्यवस्थित ओढते. काल टॉर्च मारून पाहिलं: टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) कडेला, सायलेन्सरच्या बाजूने, तेल पाझरून त्यावर धूळ बसलीय आणि खालच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारे पाइप) पत्र्यावर करपट डाग.

मेकॅनिक थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं म्हणतोय. (त्याने बॉनेट उघडूनही पाहिलं नाही, ही गंमत!) मला आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलावंसं वाटतं, रबर इतक्या वर्षांत कडक होणारच. सोबत स्पार्क प्लग बसतात त्या विहिरींची सीलं घालू का? पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साठणारा वायू काढून घेणारी झडप) तुंबलेला असेल तर नवं पॅकिंगही गळतं ना? आणि तोवर आईबाबांना घेऊन साताऱ्याला न्यावी की नको? तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल, म्हणून जरा धास्ती वाटते.