दुबईत शिक्षिकेची नोकरी: पदवी लॅमिनेट केलेली, पासपोर्टवर सासरचं नाव. अटेस्टेशन कुठून सुरू करू?

वैशाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. दुबईतल्या एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत सेकंडरी सायन्सची ऑफर आहे, ऑगस्टअखेर रुजू व्हायचं. बी.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही शिवाजी विद्यापीठाचं, माहेरच्या नावाने. पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाने. बी.एस्सी.ची पदवी लॅमिनेट केलेली आहे आणि बी.एड.चं फक्त प्रोव्हिजनल (तात्पुरतं प्रमाणपत्र) हातात आहे, पदवीदान समारंभाचा फॉर्म भरलाच नव्हता. सध्या अनुदानित शाळेत कायम आहे. एक एजंट "व्हिसा प्लस अटेस्टेशन" (म्हणजे कागद खरे असल्याचे सरकारी शिक्के) म्हणून ६५ हजार मागतोय आणि दहावी, बारावी, पदवी, बी.एड. सगळं करून घ्या म्हणतोय. नक्की काय काय लागतं आणि कोणत्या क्रमाने?

रसायन_सर_शारजा

ताई, सगळ्यात आधी शाळेच्या एचआरला ईमेल टाका: कोणकोणती प्रमाणपत्रं अटेस्ट करून हवीत, गुणपत्रिका हव्यात का, विद्यापीठाचं बोनाफाईड पत्र (पदवी खरी असल्याचं) हवं का. उत्तर लेखी घ्या. शिक्षकासाठी साधारणपणे पदवी आणि बी.एड. हीच दोन लागतात. दहावी-बारावीचं अटेस्टेशन शाळेने मागितलं नसेल तर त्यावर एक रुपया घालवू नका. एजंट चारही सांगतो कारण त्याचा दर कागदामागे असतो.

आता साखळी. यूएई (दुबई, अबूधाबी, शारजा ज्यात येतात तो देश) हेग करारात नाही, त्यामुळे त्या करारातल्या देशांत एकट्याने पुरणारा अपोस्टिलचा शिक्का तिथे चालत नाही. (ओमान, बहरीन आणि २०२२ पासून सौदी त्या करारात आहेत, म्हणून तिकडे गेलेल्या मैत्रिणीची पद्धत तशीच्या तशी उचलू नका.) यूएईसाठी चार टप्पे:

पहिला राज्याचा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून पदवीची पडताळणी आणि मग मुंबईच्या मंत्रालयातून उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शिक्का. यालाच सगळे "एचआरडी" म्हणतात. वेळ इथेच जातो, महिनाभर धरून चाला. दुसरा टप्पा भारताचं परराष्ट्र मंत्रालय. ते २०१२ पासून व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. तिसरा यूएईचा भारतातला दूतावास किंवा मुंबईतली कॉन्सुलेट. चौथा यूएईचं परराष्ट्र मंत्रालय, ज्याला तिकडे मोफा म्हणतात. तिथे कागदामागे १५० दिरहम. यातला एक शिक्का नसेल तर पुढचा कोणी मारत नाही, त्यामुळे क्रम बदलून वेळ वाचवायचा प्रयत्न करू नका.

"नोटरी आणि एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) करून आठवड्यात देतो" असंही कोणी सांगेल. त्या मार्गात विद्यापीठाकडून पडताळणी होतच नाही. शिक्षकाची पदवी तिथल्या शिक्षण खात्यासमोर जाणार असते, तेव्हा एचआरडीच करा.

लॅमिनेशनचं: शिक्के मूळ पदवीच्या मागच्या बाजूला बसतात, प्लास्टिकवर शाई धरत नाही आणि स्टिकरही घेत नाहीत. आधी कागद उजेडात धरून बघा. प्लास्टिक फक्त कडेला चिकटलेलं आणि मधे कागद सुटा असेल तर कडा कापून पदवी सहज निघते. पूर्ण पृष्ठभागावर चिकटलेलं असेल तर इस्त्री, ड्रायर, थिनर यांतलं काही करू नका. शाई आणि विद्यापीठाचा उठावाचा शिक्का प्लास्टिकबरोबर निघून येतो आणि फाटलेली पदवी कोणीच घेत नाही. सरळ विद्यापीठात दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. बी.एड.च्या मूळ पदवीचा अर्ज त्याच फेरीत करून टाका, प्रोव्हिजनलवर ही साखळी पुरी होत नाही.

कागद कोणाच्याही हातात देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन काढून ठेवा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा एकदा. परत आल्यावर शिक्क्यावरचं नाव आणि तारीख तिथेच उभं राहून वाचा. चुकीचं नाव पुढच्या टप्प्यावर सापडलं तर मागे जावं लागतं.

नमुना_ई

मी नावाच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण आपल्याकडच्या बायकांचं काम सर्वात जास्त इथेच अडतं.

पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे चालतं. पदवीवरचं नाव बदलून घ्यायच्या भानगडीत पडू नका. दोन नावांना जोडणारा कागद हवा, आणि तो म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्रात मिळणारा नमुना ई. त्यात विवाहापूर्वीचं नाव स्पष्ट आहे का बघा. ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र नुसतं मराठीत असेल तर इंग्रजी नोंद असलेलं मागून घ्या.

लग्नात पहिलं नावसुद्धा बदललं असेल, म्हणजे माहेरची सुनंदा सासरी वैशाली झाली असेल, तर मात्र विवाह प्रमाणपत्र एकटं पुरत नाही. मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद हवी. अर्ज ऑनलाइन होतो. सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

आणखी एक, आपल्या दहावीच्या आणि बऱ्याच पदव्यांवर आडनाव आधी असतं: पाटील वैशाली राजाराम. पासपोर्टवर दिलेल्या नावात वैशाली समीर आणि आडनावात पाटील. तिकडचा कारकून पहिला शब्द म्हणजे पहिलं नाव असं धरून ऑफर लेटरमध्ये भलताच क्रम टाकतो. ऑफर लेटर, करार, प्रवेश परवाना, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव पडलंय का ते सही करण्याआधी तपासा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना कोरा असेल तर तो आधी दुरुस्त करा. एकनावी पासपोर्टवर नव्या व्हिसाने येणाऱ्यांना यूएई नोव्हेंबर २०२२ पासून अडवते.

नवरा-मुलांना नंतर न्यायचं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखलेसुद्धा याच साखळीतून न्यावे लागतात. फरक इतकाच की ते शैक्षणिक नसल्यामुळे राज्याचा टप्पा वेगळ्या विभागात होतो. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना रिकामा असतो, हे पुष्कळांच्या लक्षातही नसतं. नगरपालिकेत नाव टाकून नवा दाखला घ्या, मगच पुढे पाठवा. कुटुंबाला स्पॉन्सर करायला, म्हणजे आपल्या व्हिसावर न्यायला, पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, इतका लागतो. शिक्षिकेला नवऱ्याला स्पॉन्सर करता येतं.

मुक्त_बीएड_नाशिक

मधेच विचारतो. माझं बी.एड. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं आहे. अटेस्टेशन होईल ना?

रसायन_सर_शारजा

अटेस्टेशन होईल. शिक्का फक्त एवढंच सांगतो की कागद खरा आहे. ती पदवी तिथे शिक्षकाच्या पदासाठी मान्य होते का, हा निराळा प्रश्न आहे आणि तुमच्यासाठी खरा प्रश्न तोच. पदवीची मान्यता तपासताना शिक्षणाची पद्धत विचारली जाते, नियमित की दूरस्थ, आणि विद्यापीठाच्या पत्रात ते लिहून द्यावं लागतं. म्हणून हजारो रुपये शिक्क्यांवर घालवण्याआधी शाळेला स्पष्ट लिहा की बी.एड. दूरस्थ आहे, आणि होकार लेखी घ्या. दुबईत शिक्षकाची मंजुरी केएचडीए देते, अबूधाबीत अडेक, शारजात स्पिया. अर्ज शाळाच करते, त्यामुळे त्यांना ते आधी विचारून घेता येतं. हे लपवून गेलात तर मंजुरी अडकते आणि तोवर इथली नोकरी सुटलेली असते.

नियम_४०

पैसे आणि तारखा यांवर थोडं.

वैशालीताई, व्हिसाचा, वर्क परमिटचा आणि भरतीचा खर्च यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे मालकाचा असतो, तुमच्याकडून घेता येत नाही. अटेस्टेशन बहुधा आपल्या खिशातून होतं, काही शाळा नंतर पावत्यांवर परत देतात, तेव्हा प्रत्येक पावती जपा. इकडे भारतात नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. त्याचा परवाना क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघा. तुमची ऑफर शाळेकडून थेट आली असेल तर एजंटचं काय काम उरतं? फक्त अटेस्टेशनची ने-आण. तेवढ्याचाच दर कागदवार लिहून मागा.

ऑफर लेटर म्हणजे शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र नव्हे. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं, क्रमांक असलेलं ऑफर लेटर येतं, तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पुढचा करार त्याच्याशी जुळावा लागतो. पगार मूळ किती आणि भत्ते किती, हे इथेच पाहा, कारण सेवा संपल्यावरची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते. "आधी व्हिजिट व्हिसावर या, इथे बदलून घेऊ आणि तोवर वर्ग घ्या" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे.

आता राजीनामा. अनुदानित शाळेत कायम असाल तर महाराष्ट्रातल्या खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतल्या नियम ४० प्रमाणे तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस लागते. ऑगस्टअखेर तिकडे हजर व्हायचं तर मेच्या मध्यापर्यंत नोटीस पडायला हवी. पण केएचडीएची मंजुरी आणि तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. दोन्ही जमत नसेल तर शाळेकडून रुजू व्हायची तारीख पुढे मागा, कायमची नोकरी टांगणीला लावू नका. अनुभव प्रमाणपत्र मात्र आत्ताच मागून ठेवा: रुजू झाल्याची तारीख, विषय, इयत्ता आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का, वर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी. राजीनाम्यानंतर ते मिळवणं जड जातं.

पोलीस पडताळणी प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा, शुल्क ५०० रुपये. ते पासपोर्ट कार्यालयाचंच असल्यामुळे राज्याचा टप्पा लागत नाही, सरळ परराष्ट्र मंत्रालयात जातं. पण ते सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं तर परत काढायला सांगतात, म्हणून पदवी मुंबईच्या मंत्रालयातून सुटली की मग अर्ज करा.

वैशाली_कोल्हापूर

खूप आभार सगळ्यांचे. पदवी उजेडात धरून पाहिली, कागद आत सुटा आहे, कडा कापेन. पहिलं नाव बदललेलं नाही. एक शंका: मेडिकल इथे करायचं की तिकडे?

रसायन_सर_शारजा

अधिकृत मेडिकल तिकडेच. प्रवेश परवान्यावर ६० दिवस मिळतात, त्यात रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि एमिरेट्स आयडीचे (तिथल्या ओळखपत्राचे) ठसे उरकायचे. पासपोर्टवर आता व्हिसाचं स्टिकर लागत नाही, एमिरेट्स आयडी हाच रहिवासाचा पुरावा. तरी राजीनाम्याआधी कोल्हापुरातच एक छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा. पूर्वी कधी क्षय होऊन बरा झाला असेल आणि फुप्फुसावर डाग राहिला असेल तर तिकडे जादा तपासण्या लागतात. जुने उपचाराचे कागद इंग्रजीत सोबत ठेवा.

आणि पासपोर्टवर एमिग्रेशन चेक रिक्वायर्डचा (नोकरीसाठी देश सोडताना सरकारी परवानगी लागेल, असा) शिक्का नाही ना, ते बघा. दहावीचं प्रमाणपत्र न जोडता काढलेल्या पासपोर्टवर तो येतो. असला तर दहावीचं प्रमाणपत्र लावून पासपोर्ट पुन्हा काढा आणि नवा क्रमांक शाळेला कळवा, ऑफर लेटर बनण्याच्या आधी.