थंडीत साडी परकराला चिकटते, काय करू?

राजारामपुरीतून: मी शाळेत शिकवते. डिसेंबर लागला की जॉर्जेटची साडी नेसायची धास्ती वाटते. फळ्याकडे वळले की निऱ्या पायांत गुंडाळतात, साडी पोटऱ्यांना चिकटून बसते. वर्गात मुलांसमोर फार अवघडल्यासारखं होतं. काल रात्री साडी सोडताना चटचट आवाज आला, अंधारात बारीक ठिणग्याही दिसल्या. पावसाळ्यात हीच साडी छान राहते. कापडात दोष आहे का?

फॉल-पिकोवाली, महाद्वार रोड: कापडात दोष नाही हो बाई. आतला परकर सॅटिनचा आहे का बघा. तो बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो. चालताना साडी त्याच्यावर घासते, वीज साठते आणि तिला जायला वाट मिळत नाही. सुती कापड हवेतला ओलावा धरतं, 100 ग्रॅमला साधारण 8 ग्रॅम. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच दमट, म्हणून तेव्हा त्रास होत नाही.

सुती परकर घाला, निम्मं काम तिथंच होतं. नेसण्याआधी पायांना खोबरेल चोळून जिरू द्या, कोरड्या कातडीला साडी जास्त चिकटते. शाळेत अडचण आली तर तळवे ओले करून, झटकून, परकरावरनं वरून खाली फिरवा. साडीवर नको, रेशमी असेल तर डाग पडतो.

शाहूपुरी: परकराच्या शिवणीत आतल्या बाजूनं सेफ्टी पिन लावा, माझी आई लावायची. आणि गरम हवेचा ड्रायर असेल तर सिंथेटिक कपडे किंचित दमट असतानाच काढा. नुसत्या स्पिननं एवढं होत नाही.

फॉल-पिकोवाली, महाद्वार रोड: बरोबर. शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घातलं तरी फरक पडतो. टॉवेलला मात्र घालू नका, पाणी टिपेनासा होतो. कुणी व्हिनेगर सुचवलं तर ब्लीचसोबत अजिबात नको, विषारी वायू होतो.

राजारामपुरीतून: ताई, आज पांढरा सुती परकर घातला, खोबरेलही लावलं. चार तास उभी होते, निऱ्या जागच्या हलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गावरच्या बाईंनाही सांगितलं. आता त्यांच्या दोन साड्या फॉलला घेऊन शनिवारी तुमच्याकडे येतो आम्ही.