मदत हवी आहे: गच्च बसलेलं डावं पेडल कसं सोडवू?

मंडळी, मी गुहागरला राहते. मुलीची गिअरची सायकल दोन पावसाळे पडवीत उभी होती. खाऱ्या वाऱ्याने पेडल क्रँकमध्ये (पेडल ज्यात बसतं त्या दांडीत) घट्ट धरलंय. उजवं निघालं, डावं हलत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पेडलच्या बाहेरच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. त्याच दिशेने जोर लावतेय. पण घरातला स्क्रू पाना जाड आहे. फटीत नीट बसत नाही, घसरतो, आणि पेडलच्या चपट्या कडा झिजायला लागल्यात. त्या गेल्या की कुठलाच पाना धरणार नाही, याचीच काळजी वाटते.

१५ मिमीचा पातळ, लांब दांड्याचा पेडल पाना चिपळूण किंवा रत्नागिरीत कुठे मिळेल? पेडलच्या दांड्याला मागून, म्हणजे आतल्या बाजूने, ॲलन कीची (षटकोनी किल्लीची) खाचही आहे. मागून फिरवताना दिशा उलटी धरायची, हे कळलंय, पण एवढ्या घट्ट पेडलला ॲलन की पुरेल का?

गंज सोडवणारं तेल काल रात्री मारलंय. शेजारचे काका पान्याला पाइप लावून ओढायला सांगतात. क्रँक ॲल्युमिनियमचा आहे, आटे निघाले तर तो बदलावाही लागू शकतो. कुणी असं केलंय का? नवं पेडल मात्र ग्रीस लावूनच बसवणार.