रँक घसरल्यावर
ऑनलाइन गेममधली रँक खाली आली की माणूस म्हणूनच आपण कमी पडलो असं वाटतं, हे तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण हा आकडा असतो कशासाठी ते बघा ना. आर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत, म्हणजे खेळाडूची ताकद गुणांत मांडायची रीत, फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) १९७० साली बुद्धिबळात स्वीकारली, ती निकालाचा अंदाज बांधण्यासाठी. २०० गुणांनी वरचढ खेळाडूकडूनही साधारण ७६ टक्केच यशाची अपेक्षा असते. ऑनलाइन गेममध्ये तर मुद्दाम तोडीस तोड प्रतिस्पर्धी गाठून देतात, म्हणजे जवळपास निम्मे सामने जाणारच. (त्यात पाच जणांची टीम असेल तर एकट्याच्या हातात असतं तरी किती!)

कोरियाचा नावाजलेला व्यावसायिक गेमर फेकर, त्याचंच घ्या. लीग ऑफ लेजेंड्स या पाच-पाच जणांच्या ऑनलाइन गेमच्या २०१७च्या जागतिक अंतिम सामन्यात ०-३ हरल्यावर तो सगळ्यांसमोर डोकं खाली घालून रडत बसला होता. २०२२लाही अंतिम सामना हरला. मग २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन विजेतेपदं.

एक मात्र कळकळीने सांगते. हरल्याहरल्या लगेच पुढचा सामना लावू नका, रागात खेळलेला डाव बहुधा जातोच. थोड्या वेळाने रिप्ले, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग, बघा आणि पहिली चूक शोधा. शेवटची नको, तोवर सामना हातचा गेलेला असतो.