लग्नाची पत्रिका घरी जाऊनच द्यावी का?

रामबागची वरमाय
मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि घरात पत्रिकेवरून दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो, छापायच्याच कशाला, छान व्हिडिओ करू आणि सगळ्यांना पाठवू. मी म्हणते, बाहेरगावचं एकवेळ ठीक, पण इंदुरातल्या माणसांना घरी जाऊन, हातावर अक्षता ठेवूनच बोलवायचं. कुलदेवतेपुढे पत्रिका ठेवली की आपण खजराना गणपतीला जातो. मराठी घर असो की मालवी, हे कुणी चुकवत नाही. मग देवाला पायऱ्या चढून बोलवायचं आणि सख्ख्या चुलतसासऱ्यांना मोबाईलवर? मालव्यात आजही पिवळे तांदूळ घेऊन लोक दारात येतात. आपल्याकडेही वाजंत्री लावून अक्षत फिरायची. बोलावणाऱ्यानं आपला वेळ घालवला, यातच समोरच्याचा मान असतो असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा, उलट असलं तरी चालेल.

विजयनगरकर
काकू, राग मानू नका, मी तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे. आपली माणसं आता रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर एवढ्यात राहत नाहीत. कुणी राऊला, कुणी निपानियाला, कुणी सुपर कॉरिडॉरच्या पलीकडे. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर निघालं तर तीन घरं होतात, कारण प्रत्येक घरी बसावं लागतं, चहा घ्यावाच लागतो. माझ्या बहिणीच्या लग्नात बाबा याच धावपळीत आजारी पडले आणि निम्म्या पत्रिका शेवटच्या आठवड्यात पोहोचल्या. आणखी एक. पत्रिकेवर गणपती छापतो आणि लग्न झालं की तीच पत्रिका रद्दीत जाते. टाकवत नाही, ठेववत नाही. त्यापेक्षा छापूच नये.

निवृत्त मास्तर
गणपतीचं चित्र छापू नका, तो प्रश्न सुटला. पण बोलावणं कुणाला आहे ते कसं कळणार? गेल्या वर्षी एका नातलगानं कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी लग्नाला गेलो नाही. माझं नाव घेऊन कुणी ‘या’ म्हटलंच नव्हतं. ग्रुपवर टाकलेली सूचना सोसायटीच्या फळ्यावरही असते, तिला आमंत्रण म्हणत नाहीत.

विजयनगरकर
काका, फोन करा ना मग! व्हिडिओ आणि फोन, दोन्ही. घरीच यायला हवं, हा हट्ट का?

पुण्यातली इंदूरकर
तुम्ही दोघंही इंदुरातल्या पाहुण्यांचंच बोलताय. आम्हा बाहेरच्यांना पत्रिकेपेक्षा तारीख हवी असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. लग्नसराईत पुण्याहून इंदूरची तिकिटं बघता बघता संपतात. कुरिअरनं सुंदर पत्रिका येते तेव्हा हातात दहा दिवस असतात, आणि वर ‘तुम्ही आला नाहीत’ हा बोल आमच्यावरच. मुहूर्त ठरला की त्याच आठवड्यात फोन करा. पत्रिका नंतर कशीही येऊ दे, मला तिचं काही नाही.

सुदामानगर
व्हिडिओवाल्यांसाठी कामाचं सांगते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो संदेश जातो. म्हातारी आत्या, जुने शेजारी नेमके यातूनच सुटतात आणि आपल्याला वाटतं पोहोचलं. दुसरं म्हणजे पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून फसवणूक होते. ती उघडून ॲप बसवलं की फोनचा ताबा चोराकडे जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचलच्या सायबर पोलिसांनी याबद्दल सावध केलं होतं. आमच्या घरी आता अनोळखी नंबरावरून आलेली पत्रिका उघडतच नाहीत. पाठवायचीच तर साधं चित्र किंवा पीडीएफ, आणि आधी फोन.

वधूपिता
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. किती जण येणार हे विचारलं तर लोकांना राग का येतो? लग्नाचं गार्डन देणारा आणि केटरर पानांवर पैसे घेतात. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहितो, मग कुणी दोघं येतात, कुणी सात. मी ‘कृपया कळवावे’ एवढंच छापलं, तर एका व्याह्यांनी ऐकवलं की आम्ही काय जेवणासाठी येतो का.

निवृत्त मास्तर
राग येणारच. छापील ओळीनं विचारलं की माणूस मोजल्यासारखा वाटतो. समोर बसून ‘सगळे याल ना, मुलं पण?’ असं विचारलं की तोच आकडा हसत मिळतो. म्हणून तर घरी जायचं.

वधूपिता
मास्तर, तीनशे घरी? माझ्याने होणार नाही. आणि अन्न टाकून द्यायला लागण्यापेक्षा थोडा राग मी पत्करतो.

मधली सून
फक्त स्वागत समारंभाचं बोलावणं असेल तर तसं तोंडानं सांगा. एकाच घरात मोठ्या जावेला सीमांतपूजनापासूनची पत्रिका आणि मला फक्त संध्याकाळच्या जेवणाची, असं झालंय. पाकीट उघडल्यावर कळलं. दुखतं ते.

रामबागची वरमाय
सगळं वाचलं. पुण्यातल्या ताईंचं पटलं, बाहेरगावचे फोन उद्यापासून सुरू करते. मधल्या सूनबाई, तुमचं वाचून आमच्या यादीतली तशी दोन घरं सापडली, दोघींनाही पूर्ण लग्नाचं बोलावणं जाईल. पण वडीलधारी, भावकी आणि जुने शेजारी यांच्याकडे मी आणि हे जाणार म्हणजे जाणार. मुलाच्या ऑफिसातल्यांना त्यानं हवं तसं बोलवावं.

विजयनगरकर
काकू, जा, पण मुलालाही सोबत न्या. निम्म्या घरांत त्याला कुणी ओळखत नसेल. छापील पत्रिका मात्र तेवढ्याच घरांपुरत्या काढा, पाचशेचा गठ्ठा नको, यावर मी अजून ठाम आहे.