डेव्हलपरची मुलाखत: प्रश्न ऐकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय केलंत?

मोठ्या टेक कंपन्यांसाठी किती कोडी सोडवली, हे सगळेच सांगतात. मला वेगळं ऐकायचंय. पंचेचाळीस मिनिटांची फेरी, समोर कोरा एडिटर, प्रश्न नुकताच कळलाय. तेव्हा काय केलंत? मुलाखती घेणाऱ्यांनीही जरूर लिहा.

*

मला एलआरयू कॅशे आली होती, म्हणजे झटपट हाताशी येणारी छोटी साठवण; ती भरली की सर्वांत जास्त काळ न वापरलेली नोंद काढून टाकायची. नोंद नुसती वाचली तरी ती ताजी धरायची का, हे आधी विचारलं. उत्तर ‘हो’ आलं आणि तिथेच वाट सापडली. वाचलेली नोंद पुढे आणायची तर ती मधूनच उचलता यायला हवी, तेही ओ ऑफ वनमध्ये, म्हणजे नोंदी कितीही असल्या तरी तेवढ्याच वेळात. म्हणून नोंद थेट शोधायला हॅशमॅप आणि क्रम ठेवायला डबली लिंक्ड लिस्ट, जिच्यात प्रत्येक नोडला (नोंदीच्या कप्प्याला) मागचा आणि पुढचा दोन्ही ठाऊक असतात. सिंगली लिस्टमध्ये मागचा नोड हाताशी नसतो, तो शोधत बसावं लागतं. एवढं बोलून झाल्यावरच कोडला हात घातला.

*

मी मुलाखती घेते. बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधला घटक बघून अर्धा भाग सोडत शोधणं) मधली जागा काढायला लो आणि हाय या दोन टोकांची बेरीज करून दोनने भागलं, की मी विचारते, अ‍ॅरे प्रचंड मोठा असेल तर? ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की जावामध्ये ती ऋण होते. खुद्द जावाच्या लायब्ररीत हा बग कित्येक वर्षं होता, २००६ मध्ये त्यावर जाहीर लिहिलं गेलं. त्यामुळे तो आधीच ठाऊक असावा अशी माझी मुळीच अपेक्षा नसते. हिंट दिल्यावर उमेदवार आकडे घालून तपासतो की घाबरून सगळा कोड पुसतो, ते मी टिपून ठेवते.

*

सिस्टिम डिझाइन, लिंक छोटी करणारी सेवा. आधी विचारलं, लिहिणं जास्त की वाचणं? वाचणं कितीतरी जास्त, म्हणजे कॅशे हवीच. मग छोट्या लिंकसाठी ६२ चिन्हं (इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक), सात जागा: साडेतीन लाख कोटींहून अधिक लिंक. आकृतीतले चौकोन त्यानंतर काढले.

*

अ‍ॅमेझॉनच्या लीडरशिप प्रिन्सिपल्सच्या (कंपनीच्या कामाच्या तत्त्वांवरच्या) प्रश्नांना हे आधी विचारून घेणं लागू होत नाही. तिथे स्वतःचा प्रसंग तयारच हवा. त्यातही ‘आम्ही केलं’ म्हणालात की ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’ हा प्रश्न येतोच.

*

मुलाखती घेणाऱ्या ताईंना विचारायचंय: मला बोलत बोलत विचार करता येत नाही. गप्प राहिलं तर चालतं का?

*

चालतं. ‘दोन मिनिटं द्या, कागदावर मांडून बघतो’ एवढं फक्त सांगा. मी थांबते.